अप्पांचं खासगी डोकं

अप्पा बँकेतून निवृत्त झाले, हिशेबातून नाही. सोसायटीत ते तळमजल्यावर राहतात आणि लिफ्टचा खर्च आपण का द्यावा, या प्रश्नावर थेट उपनिबंधकांपर्यंत जाऊन आले आहेत. आदर्श उपविधींत स्वच्छ लिहिलंय की लिफ्ट वापरा किंवा वापरू नका, इमारतीतल्या सगळ्यांनी खर्च सारखा द्यायचा. अप्पा देतात, पण चेकमागे 'निषेध नोंदवून' असं लिहून देतात. जो वापरेल तो भरेल, हे त्यांचं तत्त्व. पुण्यात दर दोन सोसायट्यांमागे एक अप्पा निघतील.

मात्र अप्पांची खरी कीर्ती हेल्मेटची. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम १९८८ सालचं. पुणेकरांनी त्याच्याकडे वर्षानुवर्षं 'फाटकासमोर गाडी लावू नये' या पाटीकडे पाहावं तसं पाहिलं. मग १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी कारवाई कडक केली आणि अप्पांना उतारवयात स्वातंत्र्यलढा मिळाला. ते मोर्चाला गेले. तेही पुणेरी पगडी घालून. पगडीधारी शिखांना कायदा सूट देतो ना, मग आमच्या पगडीलाही २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, हा त्यांचा मुद्दा. मानांकनाने पगडीची नक्कल थांबते, डोकं आपटणं थांबत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता.

त्यांचे आक्षेप एकदा ऐकून घ्यावेत. हेल्मेटने मान दुखते. केस जातात (अप्पांचे गेले तेव्हा ते सायकल चालवत होते). हॉर्न ऐकू येत नाही. एरवी मात्र, 'पुण्यात हॉर्नमुळे बहिरं व्हायची वेळ आलीय' असं तेच म्हणतात. शहरात गाडी वीसच्या वर जातेच कुठे? हायवेवर करा की सक्ती! आणि आधी खड्डे बुजवा. हा शेवटचा मुद्दा मलाही पटतो. खड्डा तसाच ठेवून डोक्याला पावती फाडणाऱ्या सरकारचा राग कोणालाही यावा. पण खड्डे आहेत, म्हणूनच डोकं उघडं ठेवायचं, हे तर्कशास्त्र खास अप्पांचं.

हेल्मेट त्यांच्याकडे आहे. डिकीत मावत नाही, म्हणून ते आरशाला लटकतं. चौकात पोलीस दिसले की डोक्यावर चढतं आणि चौक ओलांडला की उतरतं. कॅमेऱ्याचं मात्र त्यांना अजून जमलेलं नाही. मोबाइलवर चलन येतं, सोबत फोटो. अप्पा तो मोठा करून बघतात. चलनं ते साठवतात आणि लोकअदालतीची वाट बघतात, कारण तिथे तडजोडीत रक्कम कमी होते. स्वातंत्र्याची किंमत मोजायला त्यांची ना नाही, फक्त ती घासाघीस करून मोजावी एवढंच.

"माझं डोकं आहे. फुटलं तर माझं फुटेल. तुमचं काय जातं?"

हा प्रश्न त्यांनी मला जिन्यात विचारला आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेले. उत्तर त्यांच्याच कपाटात, प्लॅस्टिकच्या फायलीत लावलेलं आहे. त्यांच्या स्कूटरचा थर्ड पार्टी विमा, २०२२ च्या दराने ७१४ रुपये अधिक कर. त्यात समोरच्याचं डोकं फुटलं तर सोय आहे, अप्पांचं फुटलं तर नाही. त्याला जोडून मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा आहे. तो मृत्यू आला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर मिळतो. मधल्या काळाचं, म्हणजे अतिदक्षता विभाग, मेंदूची शस्त्रक्रिया, पुढे महिनोन्महिने फिजिओथेरपी, याचं बिल जाणार निवृत्त बँकवाल्यांच्या सामूहिक मेडिक्लेमवर. त्या योजनेत एकाचा क्लेम वाढला की पुढच्या वर्षी हप्ता सगळ्यांचा वाढतो.

आणि त्या वाढत्या हप्त्याविरुद्ध सर्वांत जास्त पत्रं कोणी लिहिली असतील? अप्पांनी. त्यांच्या मते दोष गुडघेवाल्यांचा आहे. "जन्मभर श्रीखंड खायचं, वजन वाढवायचं आणि गुडघे आमच्या पैशांनी बदलायचे!" मधुमेहवाल्यांवर त्यांचं स्वतंत्र पत्र आहे. त्यांच्या डोक्याचं काय, असं विचारलं की ते म्हणतात, "मग उद्या वडापाववरही बंदी घालाल!" या युक्तिवादात दम आहे, हे मान्य करायला हवं. सामायिक खर्चाच्या नावाखाली दुसऱ्याच्या ताटात डोकावायची सवय लागली तर ती कुठे थांबेल, हे सांगणं अवघड आहे. अडचण इतकीच की ताटात डोकावणारे पहिले गृहस्थ अप्पाच.

देशात २०२२ साली हेल्मेट न घालता जे दुचाकीवर मेले ते ५०,०२९. त्यांतले १४,३३७ मागच्या सीटवरचे. हा आकडा मी अप्पांना नाही, काकूंना सांगितला होता. काकूंनी दुसऱ्या दिवशी आयएसआयचं हेल्मेट आणलं, अंबाड्याची जागा थोडी खाली सरकवली आणि त्या मागे बसू लागल्या. आता त्या जोडप्यात निम्मा कायदा पाळला जातो.

गेल्या महिन्यात निवृत्तांची सभा होती. जोडीदारही योजनेत असल्याने काकू हजर होत्या. अप्पांनी ठराव मांडला, की ज्यांचे आजार स्वतःच्या सवयींनी ओढवलेले आहेत, त्यांचा गट वेगळा करावा आणि हप्ताही वेगळा लावावा. टाळ्या पडल्या. तेवढ्यात एक जुने कॅशियर सावकाश उठले. सावकाश, कारण त्यांचे दोन्ही गुडघे नवे होते.

"माझी उपसूचना आहे. बिनहेल्मेटवाल्यांनाही त्याच गटात घालावं."

"तो व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे," अप्पा म्हणाले. "शिवाय उपसूचनेला अनुमोदक नाही."

"आहे," काकू मागच्या रांगेतून म्हणाल्या.

सभेचं इतिवृत्त अप्पांकडेच असतं. त्यात नोंद आहे, 'ठराव सूचकांनी मागे घेतला. इतर किरकोळ विषयांवर खेळीमेळीत चर्चा होऊन चहापानानंतर सभा संपली.'