पुरावा जोडावा

कॉलेजातल्या विद्यार्थी-क्लबाला दोन गोष्टी लागतात: उत्साह आणि समन्वयकाची सही. उत्साह मुलं घेऊन येतात, सही माझी. मी सिव्हिलचा माणूस, उभं आयुष्य काँक्रीटचे क्यूब फोडण्यात गेलेलं. तरी ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणीही बघावा-बदलावा अशा सॉफ्टवेअरचा, क्लब माझ्याकडे आला, कारण ज्या मीटिंगमध्ये तो वाटला गेला तिला मी गैरहजर होतो. आमच्याकडे समित्या अशाच भरतात. शिवाय लॉकडाउनमध्ये ऑनलाइन लेक्चर घेताना मी माझा माइक कुणाच्या मदतीशिवाय चालू करत असे, ही कीर्ती प्राचार्यांच्या कानावर गेली होती.

माझी कल्पना अशी, की अंधाऱ्या खोलीत, टोपीचं जॅकेट घातलेली, न बोलणारी हुशार पोरं बसली असतील. प्रत्यक्षात शनिवारी दुपारी लॅब गच्च भरलेली. त्यातल्या निम्म्यांना काही येत नव्हतं आणि उरलेल्यांना काल रात्रीपासून थोडं थोडं यायला लागलं होतं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

पण एका गोष्टीने मी दचकलो. क्लबात गुरू मानल्या जाणाऱ्या टीईच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, एका मुलाला एफईच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, पोराने काहीतरी विचारलं. गुरू शांतपणे म्हणाला, "माहीत नाही. चल, बघू."

हे वाक्य कॉलेजच्या आवारात मी तोवर ऐकलंच नव्हतं. आमच्या ओरलला "माहीत नाही" म्हणणं म्हणजे गुन्ह्याची कबुली. सिमेंटचा इनिशियल सेटिंग टाइम किती, असं विचारलं की मुलगा खिडकीबाहेर बघतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, "सर, तो सिमेंटवर अवलंबून असतो." साध्या पोर्टलँड सिमेंटला तो किमान ३० मिनिटं असावा लागतो, हे पुस्तकात छापलेलं आहे, पण उत्तर चुकीचंही म्हणता येत नाही. अर्धे मार्क द्यावे लागतात. अशा अर्ध्या-अर्ध्या मार्कांवर या देशात पुष्कळ पूल उभे आहेत.

ओपन सोर्सच्या जगात मात्र असं मोकळेपणाने विचारण्यातूनच कामं उभी राहतात. लिनक्सचंच घ्या. १९९१च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या एकवीस वर्षांच्या लिनस टॉरवल्ड्सने जगाला कळवलं, की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, आपला छंद म्हणून, फार मोठं काही होणार नाही. तुम्हाला त्यात काय हवंय ते सांगा. हा अर्ज माझ्याकडे आला असता तर 'उद्दिष्टे अस्पष्ट' असा शेरा मारून मी परत केला असता. आज तीच प्रणाली आमच्या पोरांच्या लॅपटॉपवर चढवण्यासाठी मी सेमिनार हॉलच्या परवानगीवर सही करतो.

त्या कार्यक्रमाला इन्स्टॉल फेस्ट म्हणतात. ज्युनिअरांनी लॅपटॉप आणायचे, सिनिअरांनी त्यात लिनक्स टाकून द्यायचं. विंडोज ठेवून शेजारी लिनक्सला जागा करायची तर हार्ड डिस्कचं पार्टिशन करावं लागतं, आणि भावाभावांच्या वाटणीत होतं तेच इथेही होतं: रेघ एक इंच इकडे सरकली की कुणाचं तरी घर जातं. म्हणून दर पाच मिनिटांनी कुणीतरी ओरडतं, "बॅकअप घेतलास का?" उत्तर बहुधा भविष्यकाळात येतं.

या गर्दीत बार्शीकडची एसईची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची, एक मुलगी होती. पहिले काही शनिवार ती दाराशीच उभी असे. शाळा मराठी माध्यमाची. मनातल्या मनात इंग्रजी प्रश्न जुळवून होईपर्यंत विषय दोन स्टेशनं पुढे गेलेला. क्लबातल्या पोरांनी तिला धीर वगैरे दिला नाही. कामं दिली. आधी वडापावचा हिशेब, मग प्रोजेक्टर.

आमच्या सेमिनार हॉलचा प्रोजेक्टर केबल ठराविक कोनात धरली तरच निळ्या पडद्यापलीकडे काही दाखवतो. तो कोन तिला सापडला. मग पाहुणे वक्ते असोत की खुद्द एचओडी, व्याख्यानाआधी सगळे तिला शोधत फिरू लागले. तिचा आत्मविश्वास तिथे सुरू झाला असं माझं ठाम मत आहे. पायथॉन वगैरे पुढची भर.

मग गिट आलं. हेही त्याच टॉरवल्ड्सचं, २००५ सालचं. कोणी, कधी, काय बदललं याची ते नोंद ठेवतं आणि प्रत्येक बदलाबरोबर एक ओळ लिहायला लावतं. बार्शीच्या मुलीच्या सुरुवातीच्या ओळी अशा: 'दुरुस्ती', 'दुरुस्तीची दुरुस्ती', 'आता तरी चाल ना बाबा'. सहा महिन्यांत त्या ओळी शहाण्या झाल्या. काय केलं आणि का केलं हे एका वाक्यात सांगणं आमच्या विभागाच्या वार्षिक अहवालाला अजून जमलेलं नाही.

दुसऱ्याच्या प्रकल्पात आपण केलेली दुरुस्ती 'पटली तर घ्या' म्हणून पुढे करणं, याला पुल रिक्वेस्ट म्हणतात. ऑक्टोबरमध्ये याचा हॅक्टोबरफेस्ट नावाचा उत्सव असतो, २०१४पासून. २०२० साली चार पुल रिक्वेस्ट दिल्या की टी-शर्ट, असा हिशेब होता. फुकट टी-शर्ट म्हटल्यावर जगभरच्या प्रकल्पांवर पूर्णविरामांचा आणि 'छान प्रकल्प' अशा शेऱ्यांचा पाऊस पडला. शेवटी, जे प्रकल्प स्वतःहून तयार असतील तिथलंच काम धरायचं, असा नियम आयोजकांना भर उत्सवात करावा लागला. क्लबात ही कथा नव्या पोरांना मुद्दाम सांगतात. सांगणाऱ्या माजी विद्यार्थ्याच्या अंगात तोच टी-शर्ट असतो. तो कसा मिळवला, एवढंच तो सांगत नाही.

बार्शीच्या मुलीने टी-शर्टाचा विचार केला नाही. एका लहानशा प्रकल्पाच्या सूचनांमध्ये एक पायरी गाळलेली होती आणि ती नेमकी तिथेच अडली होती. तिने ती पायरी लिहून पाठवली. परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाने तीन शंका काढल्या. ती घाबरीघुबरी होऊन आली, "सर, ते रागावलेत." मी वाचलं. माझ्या प्रबंधावर गाइडने जे लिहिलं होतं त्यामानाने हे प्रेमपत्र होतं. तिने शंका निस्तरल्या, दुरुस्ती स्वीकारली गेली. त्या शनिवारचे वडापाव तिच्याकडून झाले, आणि हिशेबाच्या वहीत तसं लिहिलेलंही आहे.

पुढे स्मार्ट इंडिया हॅकेथॉनसाठी कॉलेजात निवड फेरी झाली. २०१७पासून चालणाऱ्या या स्पर्धेत सॉफ्टवेअरच्या अंतिम फेरीला सलग ३६ तास काम करतात. आमच्याकडे एका रात्रीवर भागलं, कारण वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी त्याहून जास्त परवानगी दिली नाही. पहाटेपर्यंत चालणारं सॉफ्टवेअर परीक्षक आल्यावर बंद पडलं, हे रीतीला धरूनच झालं. परीक्षकांनी विचारलं, "हे एकदम हजार लोकांनी वापरलं तर?"

"माहीत नाही, सर," बार्शीची मुलगी म्हणाली. "आम्ही पाच जणांवरच तपासलंय. हजारांसाठी तुम्ही कसं तपासता?"

परीक्षकांनी खिडकीबाहेर पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "ते सिस्टिमवर अवलंबून असतं."

मी तिथल्या तिथे त्यांना मनातल्या मनात अर्धा मार्क दिला.

आता कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची फाईल आली आहे. मुद्दा: क्षमता आणि कौशल्य विकास, पुरावे जोडावेत. फोटो जिओटॅग केलेले आहेत: वडापाव खाणारी मुलं, खाली अक्षांश-रेखांश. पण आत्मविश्वास वाढला, याचा पुरावा काय जोडायचा? त्याला अक्षांश नसतो. मी फायली उपसत बसलो आणि एका सहकाऱ्याची लेखी तक्रार हाती लागली: 'सदर विद्यार्थिनी तासाला वारंवार प्रश्न विचारते, व उत्तर न मिळाल्यास "सर, आपण मिळून बघू या का?" असे सर्वांसमक्ष म्हणते. योग्य ती समज द्यावी.' खाली सही, तारीख, आवक क्रमांक.

मी त्या तक्रारीची साक्षांकित प्रत काढली आणि फाईलला लावली.