काकाजींचा पार्कर

दिवाळीची सफाई निघाली की पांढरकवड्यात गल्लीमागे एका तरी काकाजींना पेनांचा डबा सापडतो. काकाजी रिटायर्ड, शाळेतून म्हणा, पंचायत समितीतून म्हणा, नाहीतर जिनिंगच्या हिशेबातून. सज्ज्यावरून बिस्किटांचा गंजका डबा खाली येतो, काकू तो भंगाराच्या पोत्यात टाकते, काकाजी तो बाहेर काढतात. तिथून पुढची सफाई काकूची एकटीची.

"पार्कर हाय हे, पार्कर!"

निब अर्धी झाकलेली आहे, एवढा पुरावा त्यांना बास. 1941 साली बाजारात आलेल्या पार्कर 51 ची निब खरंच तशी असते. पण शांघायच्या हिरो 616 चीही तशीच असते. शिवाय काकाजींच्या पेनावर 'हिरो' असं ठसठशीत कोरलेलं आहे.

"ते कोणीतरी मागून लिहलं असन."

मग पिवळी निब घेऊन स्वारी सोनाराकडे. तिच्यावर 'इरिडियम' अशी अक्षरं. सोन्याच्या निबवर साधारणपणे 14 कॅरेट किंवा 585 असा छाप असतो. इरिडियमचा संबंध फक्त टोकाच्या कठीण धातूशी, आणि तो शब्द स्वस्तातल्या पोलादी निबांवरही सर्रास सापडतो. सोनार जाणता. पण सणाचे दिवस, गिऱ्हाईक दुखवायचं नाही.

"पाणी हाय काकाजी, सोन्याचं."

काकाजींच्या कानात शेवटचा शब्द तेवढा शिरतो. चहाच्या टपरीवर भाव दहा हजार होतो, बस स्टँडवर पन्नास. एखादा टारगट पोरगा विचारतो, "देता का मले?"

"इकाचं नाही! पण किंमत त माहीत पायजे ना बाप्पा."

माझ्या मते काकाजी इथे शंभर टक्के खरं बोलतात. पैसा त्यांना नकोच असतो. डबा ठेवला ते बरोबर केलं, हे काकूसमोर एकदा सिद्ध व्हायला हवं असतं.

गंमत म्हणजे त्याच डब्यात एक काळा, जाडजूड एबोनाइटचा पेन होता. अंगावर बारीक अक्षरांत 'रत्नम, राजमहेंद्री'. हाताने घडवलेल्या या स्वदेशी पेनाबद्दल गांधीजींनी 1935 मध्ये रत्नम यांना आभाराचं पत्र धाडलं होतं. जाणकार पहिला हात त्याच पेनाला घालेल. काकाजींनी मात्र 'काळं दांडकं' म्हणून तो बाजूला सारला, आणि काकू सध्या त्याने पायजम्यात नाडी ओवते.

तुमच्याकडे असा डबा निघाला तर आधी पेनाच्या अंगावरची अक्षरं भिंगाखाली वाचा. स्पिरिट लावून चकचकीत करू नका, जुना पेन त्यानेच खराब होतो. काकाजींचा सल्ला घ्यायचाच असेल तर अख्खी संध्याकाळ मोकळी ठेवा. आणि खिशात एक बॉलपेन असू द्या. पत्ता लिहून द्यायला ते तुमच्याकडेच मागतील.