दिवाणजींना विचारा

अकोल्याच्या बाजारातल्या एखाद्या जुन्या अडत दुकानाचा हिशोब संगणकावर चढवायला गेलात, की मालक पहिल्या चहालाच सांगतो, "सगळं दिवाणजींना विचारा." मालकाचा एमबीए झालेला मुलगा तेच सांगतो, फक्त मध्ये मध्ये 'प्रोसेस' म्हणतो. दारातला हमालही तेच सांगतो. मग गादीच्या कोपऱ्यातले दिवाणजी चष्म्यावरून तुमच्याकडे बघतात. "विचारा बाप्पा. मले काय मायती हाये?"

डेटाबेस करण्याआधी दुकानाला काय काय लागतं ते गोळा करावं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणाऱ्याला दिवाणजी भेटलेले नसतात.

"सिस्टीममध्ये तुम्हाला काय काय हवं?"

"सब्बन पायजे."

"म्हणजे नेमकं?"

"जे आता हाये थेच. फक्त कॉम्प्युटरात."

"आता काय आहे?"

"थे तं तुमाले दिसतेच हाये." आणि ते शांतपणे आवकेची पाटी भरू लागतात.

1970 साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत कशी मांडावी ते सांगितलं. पुढे त्यातूनच शिस्त आली, की एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. दिवाणजी प्रत्येक व्यवहार तीन ठिकाणी लिहितात: रोजमेळात, खतावणीत आणि सदऱ्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर. तिन्हींत फरक निघाला तर खरं कोणतं, असं विचारलं तर हात आपोआप खिशाकडे जातो.

मापांचं विचारावं, तर कापूस क्विंटलवर, वेचाई किलोवर, रुईची गाठ 170 किलोची आणि रुईचा भाव मात्र खंडीवर. ही खंडी 356 किलोंची. मेट्रिक पद्धत येऊन जमाना झाला. खंडीला कोणी कळवलेलं दिसत नाही. वर्षाचंही तसंच. सरकारचं वर्ष एप्रिलला उघडतं, कापसाचा हंगाम ऑक्टोबरला, दुकानाची नवी वही लक्ष्मीपूजनाला. "मग उधारी जुनी कधी होते?" असं विचारलं, तर दिवाणजी म्हणतात, "मानूस फोन उचलत नाई तवा."

पण खरी कसोटी शेतकऱ्याच्या नोंदीला लागते.

"शेतकऱ्याची ओळख कशावरून पटवता?"

"तोंडावरून."

एकाच गावचे, एकाच नावाचे तीन पांडुरंग खतावणीत असतात. त्यांची वर्गवारी दिवाणजींनी केव्हाच करून ठेवलेली असते: विहीरवाला, मास्तरचा भाऊ आणि बुलेटवाला.

"बुलेटवाल्यानं बुलेट विकली तर?"

"इकली न! दोन सालं झाले. पन थो बुलेटवालाच."

ओळखक्रमांक एकदा दिला की बदलू नये, हा डेटाबेसचा पहिला धडा दिवाणजींनी असा पाळलेला असतो. तरी तुम्ही चिकाटीनं म्हणता, "आपण आधार नंबर घेऊ."

"घ्या न. सातबारा बापाच्या नावावर, माल धाकटा पोरगा आनते, उचल मोठ्यानं नेली पोळ्याले, अन् चुकारा जाते सुनेच्या खात्यात. आधार कोनाचा घेसान?"

तुमच्या आकृतीतला 'शेतकरी' नावाचा नेटका चौकोन इथं फुटतो आणि त्यातून एक अख्खं एकत्र कुटुंब बाहेर पडतं.

दिवाणजी लपवाछपवी करतात, असा समज करून घेऊ नये. माणूस दारात उभा राहिला की मगच त्यांना नियम आठवतो, एवढंच. "वजनातून कडता किती कापता?" असं विचारा. ते तत्काळ म्हणतात, "कडता बंदच हाये. कायद्यानं." पाच मिनिटांत काट्याकडे बघून तेच ओरडतात, "अबे, सोयाबीन वल्लं हाये, दोन किलो धर!"

"हे काय?"

"थो कडता नाई. थे समजून घेनं हाये."

ही समजूत कागदावर उतरवण्याचा प्रयत्न इंग्रज साहेबानंही करून पाहिला आहे. कारंज्याला 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानं देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच आला. विलायतेच्या गिरण्यांना चोख मालाची निकड होती, म्हणून काटा, माप, दलाली सगळ्याची विचारपूस झाली असणार. आणि त्या काळच्या दिवाणजींनी साहेबाला "कडता बंदच हाये" असंच नम्रपणे सांगितलं असणार.

म्हणून जाणता सिस्टीमवाला प्रश्नावली पिशवीत ठेवतो आणि ऐन सोयाबीनच्या हंगामात गादीच्या कडेला बसून राहतो. हर्रास बघतो, भांडणं ऐकतो, चहा नाकारत नाही. प्रश्न विचारून जे नियम कधी मिळत नाहीत, ते शिव्यांसकट आपोआप मिळतात.

दिवाणजी स्वतःहून फक्त एकच मागणी करतात. "शेऱ्याचा खाना मोठा ठेवा."

"255 अक्षरं पुरतील?"

"बाप्पा! तेवढ्यात तं एकला बुलेटवाला मावत नाई."

शेवटी प्रणाली तयार होते. दिवाणजी पडदे नीट बघतात, पावती छापून पाहतात, 'समजूत' नावाचा वेगळा खाना दिसल्यावर मान डोलावतात. मंजुरीच्या कागदावर वळणदार सही करतात. मालकाचा मुलगा टाळ्या वाजवतो. तुम्ही लॅपटॉप मिटता, तेवढ्यात दिवाणजी खिशातून चिठ्ठी काढतात.

"झकास झालं. आता येवढ्यात अमरावतीच्या दुकानावर जाऊन या. थ्या दुकानातले दिवाणजी माये साडभाऊच हायेत. त्याहीची सब्बन पद्धत वायली हाये."