पुराव्याअभावी

महाराष्ट्रात इतिहास सगळ्यांना येतो. रिक्षावाल्याला येतो, सोसायटीच्या चेअरमनला येतो, शिवजयंतीच्या मांडवात खुर्च्या लावणाऱ्या पोरांना तर तोंडपाठ असतो. येत नाही तो एकाच माणसाला: पुण्यात राहून मध्ययुगीन इतिहासावर पीएच.डी. करणाऱ्याला. त्याला काहीही विचारा, तो चष्मा पुसतो आणि म्हणतो, "तसं नक्की सांगता येत नाही." मध्ययुग संपलं कधी, एवढं साधं विचारून बघा. "काही जण १७०७ म्हणतात, काही १८१८." त्याचं स्वतःचं अजून चालूच आहे, हे मात्र समोर दिसत असतं.

नाव नोंदवलं तेव्हा विषय होता 'मराठेशाहीचा आर्थिक इतिहास'. गाइड म्हणाले, "जरा व्याप्ती कमी करा." मग एक सुभा उरला. पुढच्या प्रगती अहवालाला सुभ्याचा परगणा झाला आणि आता एका घाटातली जकात चौकी आणि दहा वर्षं एवढ्यावर येऊन ठेपलंय. मराठे अटकेपार गेले. याला एक घाट चढवत नाही.

घरी हे समजावून सांगणं अवघड. लग्नकार्यात कोणी विचारलं, "मुलगा काय करतो हल्ली?" की आई चटकन सांगून टाकते, "जकातीत आहे." नातेवाइकांचे डोळे चमकतात. सरकारी खातं, वर जकातीचं! स्थळं सांगून येतात. २०१७ साली जीएसटी आला आणि मुंबईतलीसुद्धा जकात बंद पडली, हे एखाद्या काकांच्या ध्यानात येईपर्यंत पत्रिका जुळलेली असते.

त्याला गाठायचं असेल तर सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जावं, नाहीतर पेशवे दप्तरात. मंडळ इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० साली काढलं. त्याआधी आणि नंतरही ते गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरून कागद गोळा करत होते. आमच्या संशोधकाची पायपीट टेबलापासून अमृततुल्यापर्यंत. सकाळी तो चिठ्ठी भरून देतो. दप्तरातले मामा आतून रुमाल आणतात, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. गाठ सुटते, दोन शिंका होतात आणि काम सुरू होतं.

मोडीत लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ मारून घेई आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं तिला अडकवत जाई. शब्द तोडायचा नाही, विरामचिन्ह द्यायचं नाही, ह्रस्व-दीर्घाची पर्वा करायची नाही. (प्रबंधातल्या शुद्धलेखनाबद्दल गाइड ओरडले की हा नम्रपणे मोडीकडे बोट दाखवतो.) दोन तास डोळे फोडून ओळ लागते. काय निघतं? 'तूप सव्वा शेर'. मोहीम नाही, मसलत नाही, तूप! आणि हा पठ्ठ्या कुबेराचा खजिना सापडल्यासारखा शेजारच्याला कोपराने ढोसतो.

कालगणनेत तर त्याचा हात कोणी धरणार नाही. 'इहिदे सितैन मया व अलफ' असं दिसलं की तो मनातल्या मनात एक, साठ, शंभर, हजार अशी बेरीज मांडतो: शुहूर सन ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला बदलतं. आले १७६०-६१, पानिपताचं साल. शक असेल तर ७८ मिळवतो, हिजरी असेल तर जंत्री उघडतो. फक्त भाडं महिन्याच्या कोणत्या तारखेला द्यायचं ते त्याला आठवत नाही. घरमालकीणबाईंना आठवतं.

मोडी वाचता येते ही बातमी फुटली की लोक पिशवीतून जपून कागद आणतात. "आमच्या खापरपणजोबांना छत्रपतींनी दिलेली सनद आहे. बघा बरं, किती गावं इनाम होती." हा भिंग लावतो. कागद इंग्रजी अमदानीतला. बैलजोडीसाठी घेतलेल्या कर्जाचा रोखा. आता हे तोंडावर कसं सांगायचं? "घराण्याला बाजारात पत होती," असं म्हणून तो कागद परत देतो. फी म्हणून चहा मिळतो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मात्र मोडी जाणणाऱ्यांना एकाएकी भाव आला. ज्या काकांनी स्थळ मोडलं होतं, तेच "तुमचा मुलगा मोकळा आहे का?" असं विचारू लागले.

त्याची खरी कसोटी संध्याकाळी कट्ट्यावर लागते. विषय हटकून 'ध'चा 'मा'वर जातो. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, पण तावातावाने बोलणारे काल रात्री शनिवारवाड्यातच मुक्कामाला असावेत. एक गट म्हणतो, आनंदीबाईनेच पत्रातलं अक्षर फिरवलं. दुसरा म्हणतो, बाईला नाहक बदनाम केलं. आवाज चढतात, मनगटं वर होतात आणि कोणाला तरी सुचतं, "अरे, हा इतिहासवाला बसलाय ना! बोल रे, खरं काय?"

तो चष्मा पुसतो. "ते पत्र तुमच्यापैकी कोणी पाहिलंय का?"

क्षणभर कोणी बोलत नाही. मग पहिला गट विचारतो, "म्हणजे आम्ही खोटं बोलतो?" दुसरा गट म्हणतो, "यांना पगार कशाचा मिळतो?" पगार मिळत नाही, फेलोशिप मिळते आणि तीही उशिरा, एवढं सांगायलाही कोणी त्याला उसंत देत नाही. घटकाभरापूर्वी एकमेकांची गचांडी धरायला निघालेले लोक खांद्याला खांदा लावून त्याच्यावर तुटून पडतात. पुण्यात दोन गटांमध्ये एकी घडवून आणणं भल्याभल्यांना जमलेलं नाही. केवळ या कामगिरीवर विद्यापीठाने त्याला डॉक्टरेट देऊन टाकायला हरकत नाही. जकातीचं पुढे बघता येईल.