गच्चीवरचे बागायतदार

इच्छापोरच्या सोसायट्यांमध्ये एका जातीचे गृहस्थ हमखास भेटतात. स्कूटरच्या पायाशी पोतं, पोत्यातून डोकावणारी उसाची चिपाडं, डिकीत कोल्ड्रिंकच्या बाटलीत कोल्ड्रिंकखेरीज दुसरंच काहीतरी, आणि रसवंतीपाशी रस न पिता नुसत्या चोथ्यासाठी चाललेली घासाघीस. एवढ्या खुणा जुळल्या की समजावं, हे गच्चीवरचे बागायतदार. गाव धुळे-जळगावकडचं, सुरतेत येऊन तीन-चार दशकं उलटलेली, नोकरी हजिरा पट्ट्यातल्या कारखान्यात. सोसायटीतली गुजराती मुलंसुद्धा त्यांना ‘काका’च म्हणतात.

यातले सगळ्यात कडवे काका खताच्या कारखान्यातून निवृत्त झालेले असतात. हजिऱ्यात १९८०च्या दशकापासून नैसर्गिक वायूपासून युरिया बनतो. काकांची हयात अमोनियाचा दाब बघण्यात गेली. युरियात ४६ टक्के नत्र असतं, हे ते झोपेतही सांगतील. २०१५ साली देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला, तेव्हा काका खुर्चीत ताठ बसले होते म्हणतात. निवृत्तीनंतर मात्र युरियाचा दाणा गच्चीची पायरी चढलेला नाही. ‘काका, मिरची पिवळी पडलीय, चिमूटभर युरिया टाका की,’ असं कुणी सुचवलंच, तर एखाद्या माळकऱ्याला मटणाचा रस्सा विचारल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

हे मनपरिवर्तन काही आपोआप झालेलं नाही. काकांचे गुरू एकापेक्षा एक. पहिले भास्कर सावे. उंबरगावजवळच्या देहरीत त्यांची ‘कल्पवृक्ष’ ही चिकू-नारळाची वाडी आहे. रासायनिक खतांवर हात बसलेले सावे पुढे ती खतं सोडून नैसर्गिक शेतीकडे वळले, आणि याच शेतीचे जपानमधले गुरू फुकुओका यांनी त्यांची वाडी येऊन पाहिली. ‘सावेही आधी खत टाकायचेच,’ हे वाक्य काका स्वतःच्या नोकरीचा बचाव म्हणून वापरतात. दुसरे गुरू कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर. माती थोडी, पालापाचोळा आणि चिपाडं भरपूर, आणि उन्हाचा हिशेब चोख, ही त्यांची शिकवण. गच्चीवर मातीचं ओझं नको म्हणणाऱ्या सेक्रेटरीच्या तोंडावर काका हेच शास्त्र फेकतात. ओली माती घनफुटाला ४५ किलोच्या आसपास भरते, चिपाडं कितीतरी हलकी, असं साग्रसंगीत पटवून देतात. सेक्रेटरी ऐकून घेतात आणि विचारतात, ‘ए बधू बराबर, पण पाणी क्यांथी टपके छे?’

तिसऱ्या गुरूंनी मात्र सोसायटीची परीक्षा पाहिली. अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत नावाचं पातळ खत काकांनी मनावर घेतलं. १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी २ किलो गूळ आणि बेसन, मूठभर माती आणि २०० लिटर पाणी. हे प्रमाण एक एकराचं. काकांची गच्ची ६०० चौरस फूट. पाळेकरांच्या प्रमाणाने तिला जेमतेम पावणेतीन लिटर पुरे. पण कारखान्यात टनाखाली आकडा न ऐकलेल्या माणसाला पावणेतीन लिटर म्हणजे अपमान वाटतो. काकांनी आख्खं पिंप भरलं. शेणाची बादली लिफ्टमधून गेली त्या दिवसापासून लिफ्टमध्ये नवी सूचना लागली आहे. त्यात काकांचं नाव नाही, पण ‘प्रवाही पदार्थ’ हा शब्द आहे.

काकांची खरी कसोटी दिवेलागणीला लागते. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि रात्रीच्या पतंगांच्या भरवशावर असतात. काकांचा पतंगांवर विश्वास नाही. कारखान्यांच्या दिव्यांनी ते बिचारे भरकटतात, असं त्यांचं मत. म्हणून काका बॅटरी घेऊन स्वतः वर जातात. लांब दांडीचं ते नरफूल, ज्याच्या बुडाशी अंगठ्याएवढी लवदार दुधी असते ते मादीफूल. नरफूल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि आतला पराग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. मग वेलाला रंगीत दोरा बांधायचा, म्हणजे कुणाचं जमलं ते लक्षात राहतं. त्या वेळात मुलीचा अमेरिकेहून फोन आला तरी काका घेत नाहीत. काकू खालून म्हणतात, ‘आपल्या पोरीसाठी स्थळं बघताना एवढी धावपळ केली असती तर!’

काकूंची बाजूही ऐकण्यासारखी आहे. त्यांनी एकदाच जमाखर्च मांडला. कोकोपीट, हिरवी जाळी, निंबोळी तेल, बियाणं, ग्रो-बॅगा, आणि भरताच्या वांग्यांचं रोप आणायला केलेली जळगावची वारी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून काकांना ते गच्चीवर हवंच होतं. रोपं रेल्वेने मांडीवर बसून आली. चार वांगी धरली, त्यातली तीन अळीने पोखरली. उरलेलं एक काकूंनी गॅसवर भाजलं, तर ‘कपाशीच्या काड्यांवर भाजायला हवं होतं,’ असं काका म्हणाले. त्यानंतर काकूंनी बेरीज करायला घेतली आणि काकांनी वही ओढून घेतली. आता काकूंना त्या वहीतला फक्त उत्पन्नाचा रकाना बघायला मिळतो.

उत्पन्न मात्र येतं, आणि आलं की एकदम येतं. गिलकी आणि दुधी एकाच आठवड्यात तयार होतात, मग काका जिन्यावर गाठून वाटप करतात. घेणाऱ्याची सुटका तेवढ्यावर होत नाही. ‘सालं फेकू नका बरं, परत आणून द्या,’ अशी अट असते, कारण ती कंपोस्टला लागतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आता दुधी दिसली की दार लावून घेतात.

तरी गच्ची काकांची एकट्याची नाही, याची आठवण सुरत त्यांना वर्षातून दोनदा देते. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चांदी पडवा. आख्खं शहर घारी ही मिठाई आणि भूसं हे फरसाण घेऊन चांदण्यात बसतं आणि काकांच्या पालकाच्या वाफ्यात कागदी प्लेटा उगवतात. दुसरं संकट उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत. हिवाळ्यात वालपापडी मांडवावर लगडलेली असते. सुरतेत उंधियूला तीच लागते. कतारगामची पापडी एके काळी नावाजलेली, पण तिथे आता हिऱ्यांचे कारखाने आहेत. ती परंपरा आपल्या मांडवावर जिवंत आहे, असं काका मानतात. नेमकी त्याच मांडवाखाली मुलं फिरक्या घेऊन उभी राहतात. कुठूनही ‘काइपो छे!’, म्हणजे ‘कापला!’, अशी आरोळी उठली की बाकीचे आकाशाकडे बघतात आणि काका वेलाच्या बुडाकडे.

दुपारी उंधियू येतं. त्यात काकांची पापडी मूठभर आणि बाजारची पाच किलो, पण ‘आपल्या गच्चीवरची आहे’ हे प्रत्येक पानाला ऐकवलं जातं. संध्याकाळी पोरं खाली गेल्यावर काका पिशवी घेऊन कापलेले पतंग गोळा करतात. काचेचा मांजा पक्ष्यांच्या पायांत नको म्हणून वेगळा बांधून कचऱ्यात टाकतात. साधा दोरा टोमॅटोला, कागद कंपोस्टला, कामट्या मिरचीच्या रोपांना टेकू. मग वही उघडून उत्पन्नाच्या रकान्यात लिहितात: पतंग ११, कामट्या २२. आणि त्या दिवसापुरता काकूंना खर्चाचा रकानाही बघायला देतात, कारण तिथे शून्य असतं.