बिलोलीतला बर्फ

बिलोलीला रेल्वे नाही, आणि बर्फ मिळतो तो फक्त रसवंतीत. या दोन्ही गोष्टी पक्क्या ठाऊक असतानाही माझ्या अमेरिकेतल्या भाच्यानं मला रुळांवरचा बर्फ हटवणाऱ्या गाडीचं किट पाठवलं. ‘मामा, रिटायर झालात, हाताला काम हवं,’ असं फोनवर म्हणाला. पोरगं लहानपणी धर्माबाद स्टेशनावर गाड्या पाहायला माझ्याच बोटाला धरून यायचं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

किट रसेल जातीच्या गाडीचं. पेनसिल्व्हेनियातल्या रिजवे गावच्या कारखान्यात ही गाडी बनायची. हिला स्वतःचं इंजिन नसतं. मागून इंजिनं ढकलतात आणि ही लोखंडी तोंड बर्फात खुपसत पुढे जाते. माथ्यावरच्या खोलीत बसलेली माणसं शिट्टी वाजवून मागच्याला ‘चल’, ‘थांब’ सांगतात. मागून ढकलणारे असले की तोंड पुढं करणारी माणसं मी आमच्या तालुक्यात प्रत्येक निवडणुकीत पाहिली आहेत. लोखंडाची पहिल्यांदाच पाहिली.

हिची दुसरी एक जात आहे, पुढे भलंमोठं चक्र फिरवत बर्फ उडवणारी. त्या चक्राची कल्पना 1869 मध्ये टोरांटोच्या एका दाताच्या डॉक्टरला सुचली. इलियट त्याचं नाव. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात काहीबाही फिरवणाऱ्याला हे सुचावं, यात मला तरी नवल वाटलं नाही.

किटचं प्रमाण एकास सत्याऐंशी. म्हणजे साडेपाच फुटी माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरांचा. गाडीच्या पायऱ्या, कठडे, शिट्टी ही सगळी मंडळी प्लॅस्टिकच्या चौकटीला लोंबकळत आलेली. नखं कापायच्या कटरनं ती सोडवायची, चिमट्यात धरायची आणि डिंकाचा थेंब लावायचा. हा डिंक थंड मुलखातल्या लोकांनी बनवलेला. मे महिन्यात बिलोलीत त्याची कुपी उघडली की ब्रश भागापर्यंत पोचेतोवर तो वाळलेला असतो. पंखा लावला तर शिट्टी उडते, बंद केला तर मी वितळतो. अखेर वीज मंडळानंच निर्णय घेतला आणि दोन तास पंखा बंद राहिला.

शेजारचे अण्णा डोकावले. ‘काय करायलाव गुरुजी हे?’

सांगितलं. रुळांच्या मधे खाली उतरणारं पातं दाखवलं. फाटक आलं की ते वर उचलावं लागतं, नाहीतर आदळून तुटतं, हेही सांगितलं. अण्णा जन्माचे शेतकरी. क्षणभर पाहून म्हणाले, ‘म्हंजे कोळपंच की. धुरा आला की उचलायचं.’ कारखान्याच्या माहितीपत्रकात दोन पानं लागली होती त्याला.

मग अण्णांनी विचारलं, आपल्याकडं असलं काही आहे का? काश्मीर खोऱ्यात आहे, म्हणालो. बनिहालचा अकरा किलोमीटरांचा बोगदा 2013 साली सुरू झाला, तिकडच्या गाड्यांच्या तोंडाला बर्फ कापणारी पाती असतात. ‘आपल्याकडं 2014 ला पडल्या की गारा,’ अण्णा म्हणाले, ‘पण त्या हरभऱ्यावर. रुळावर पडल्या असत्या तर रेल्वेनं तरी पंचनामा केला असता.’

शेवटी गाडीवरची नावं-नंबर चिकटवायचे राहिले. ते कागद वाटीभर पाण्यात भिजवावे लागतात. नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं. बायकोनं पिण्याच्या घागरीतलं दिलं, पण ‘कशाला?’ हे विचारून घेतलं. बर्फ हटवायच्या गाडीसाठी, असं म्हणताना माझी जीभ अडखळली. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाचेक लाख लिटर. माझी मेहुणी लातूरला; ती तेव्हा कपडे धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं कुंडीला देत होती. रुळांवरून पाणी यावं म्हणून तिथं देव पाण्यात ठेवायलाही पाणी नव्हतं, आणि मी इथं रुळांवरचं पाणी बाजूला फेकायचं यंत्र जोडत होतो. बायकोनं वाटी अर्धी केली. मी काही बोललो नाही.

गाडी झाली. टीव्हीशेजारी ठेवली. रूळ किटमध्ये नव्हते, म्हणून ती पट्टीवर उभी आहे. पुढे बर्फ म्हणून खायचा सोडा पसरला; शौकीन लोक तोच वापरतात म्हणे. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, 1998 पासून. तिथं लोक तिकीट काढून बघतात, हे कळल्यावर अण्णा हळहळले. ‘आन् तुम्ही फुकट दाखवायलाव, वर चहा पाजायलाव!’

बघायला येणारे वाढतच गेले. पोरंटोरं समजू शकतो, पण धोतर-टोपीतली वजनदार मंडळीही येऊ लागली. आमच्याकडं रेल्वेची मागणी इतकी जुनी आहे की नुसत्या डब्याच्या आकारानंही माणूस हळवा होतो. उलगडा झाला तो एका गृहस्थामुळे. त्यांनी चहा संपवला, दार लोटून घेतलं आणि माझ्याजवळ सरकून आवाज खाली आणला.

‘गुरुजी, मॉडेल आलंय म्हंजे मंजूर झालीच की. फक्त टेसन कोणत्या अंगाला व्हायलंय तेवढं सांगा. उद्या इसारपावती करायलो होतो, थांबवतो.’