संहितेची रजा
१९४७ साली एडिंबरा येथे, महायुद्धाने शिणलेल्या युरोपास उभारी यावी म्हणून जो प्रतिष्ठित कलामहोत्सव भरविण्यात आला, त्यास निमंत्रण नसतानाही आठ नाटकमंडळ्या हजर झाल्या. आणि त्या आगंतुकीतून जन्मलेला ‘फ्रिंज’ नामक उत्सव आज दर ऑगस्टात यजमानाहूनही अवाढव्य होऊन बसला आहे. येथे निवडसमिती नाही. जागा मिळवून भाडे भरणारा कोणीही इसम कलावंत ठरतो, आणि ‘रॉयल माइल’ या रस्त्यावर पावसात भिजत पत्रके वाटणाऱ्या नटांच्या तावडीत सापडलेला प्रेक्षक एखाद्या पबच्या तळघरात दाखल होतो.

प्रायोगिक खेळात अर्थ न लागणे हाच अर्थ, अशी समजूत प्रेक्षकाने स्वतःच करून घ्यावयाची असते. उत्स्फूर्त नाट्याची तऱ्हा याहून चतुर. ‘ऑस्टेंटेशस’ ही मंडळी प्रेक्षकांकडून कपोलकल्पित शीर्षक मागून घेऊन जेन ऑस्टिनची जणू हरवलेली कादंबरी तत्क्षणी रचून दाखवितात, आणि ते कसब, प्रांजळपणे सांगावयाचे तर, अस्सल आहे. परंतु तसल्या यशाचा दाखला पुढे करून ज्यांनी पाठांतराच्या कष्टांतून कायमची माफी मंजूर करून घेतली आहे, त्यांच्या खेळात विषय सुचविणे प्रेक्षकाकडे, रिकाम्या जागा हसून भरणे प्रेक्षकाकडे, आणि मोबदलाही त्याच्याच खिशातून. (लेखकाचे मानधन वाचते, ही सोय वेगळीच.) ‘विनामूल्य’ खेळांतही शेवटी दाराशी नट बादली धरून उभा असतो, तेव्हा वाचकहो, तिकडे जाणार असाल तर सुटे पैसे जवळ ठेवा.